अनुभव धागा : 'मुस्तफा' पोरांबरोबर खेळता का?

'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' म्हटलं तर निम्मे लोक ओळखणार नाहीत. 'मुस्तफा' म्हणा, चाळिशीतले सगळे मान वर करतील. कॅपकॉम या जपानी कंपनीचा १९९३ चा, पार्लरमधल्या मशीनवर खेळायचा मारामारीचा गेम. जॅक, हॅना, धिप्पाड मेस आणि पिवळ्या टोपीतला आपला मुस्तफा. कंपनीने तो घरच्या कन्सोलसाठी काढलाच नाही, म्हणून परवा एका ठिकाणी जुनं मशीन दिसल्यावर नऊ वर्षांच्या लेकाला घेऊन उभा राहिलो. दोन सुरे परजत तो कसाई आला आणि बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की बस्स. तुमच्या घरी काय झालं? नुसतं 'आमच्या वेळी' नको.

*

मी सांगलीची. व्हिडिओ गेमचं पार्लर शाळेच्या वाटेवरच होतं, पण मुलगी आत दिसली की संध्याकाळच्या आत घरी बातमी. भाऊ आत, मी बाहेर त्याचं दप्तर सांभाळत. नुसत्या आवाजावरून कळायचं, याचा चान्स गेला. बेचाळिसाव्या वर्षी लेकीने पहिल्यांदा शेजारी उभं केलं. मी हॅना घेतली. भाऊ म्हणायचा, मुस्तफा सोडून कुणी घ्यायचाच नाही. त्याला व्हिडिओ पाठवलाय, अजून उत्तर नाही.

मारामारीचं म्हणाल तर लाथाबुक्क्यांचं मला काही वाटलं नाही. रोज रात्री मालिकेत सासू जे बोलते ते जास्त लागतं. बंदूक हातात आली तेव्हा मात्र लेक जरा जास्तच खूश झाली. ती अकरा वर्षांची आहे. सहा वर्षांची असती तर नसतं खेळवलं.

*

आमच्याकडे भांडण हिंसेवरून नाही, खाण्यावरून. पिंप फोडलं की खायला निघतं, ते उचललं की लाइफ वाढतं. दोघांचंही लाइफ शेवटाला आलेलं असताना धाकट्याने सगळं गिळलं. थोरला दोन दिवस बोलला नाही. आई माळकरी, "हे मटण आहे का रे?" एवढंच विचारून आत गेली.

*

स्पष्ट सांगतो, आम्ही बंद केला. पाच वर्षांच्या चिरंजीवांनी मुस्तफाची उडती लाथ मावसबहिणीवर करून पाहिली. दात दुधाचा होता म्हणून निभावलं.

*

कोल्हापूर. आमच्या टायमाला रुपयाचं नाणं संपलं की खेळ संपला. मागं चार जण उभे, त्यातला एक तरी सिगारेट ओढणारा. खरं तर वाईट ते होतं, गेम न्हवं. आता क्रेडिट, म्हणजे नाण्यावर मिळायचे ते चान्स, संपतच नाहीत, पोरगं मरतंय, उठतंय, परत मरतंय. म्हणून तीन चान्सवर थांबवतो. तेव्हापासनं दोन्ही बटणं एकदम दाबायचं कमी झालंय. त्यानं सगळे उडतात, पण आपलंबी रक्त जातंय, हे त्याला आता कळतंय.

*

मुलगी सात वर्षांची. गुंडांना बेदम हाणते, पण डायनोसॉर दिसला की दांडा सोडून देते. "बाबा, त्याला नको, त्याची चूक नाहीये." गेमच्या गोष्टीप्रमाणे तिचंच बरोबर आहे, चोरटे शिकारी छळतात म्हणून ते खवळलेत. मग मी एकटा लढतो, ती डोळे मिटते, आणि उघडते तोवर माझा मुस्तफा आडवा.