कॅम्परव्हॅन : दिवे घरच्या बॅटरीवर, बसते मात्र इंजिनाची! सल्ला हवा

विंचवाचं बिऱ्हाड

नमस्कार मंडळी,

मालवाहू व्हॅनचं आम्ही दोघांनी मिळून चाकांवरचं घर केलंय. बरंचसं काम हातानेच, त्यामुळे चुका कुठे असतील तर त्या आमच्याच. गाडीत दोन बॅटऱ्या आहेत. इंजिनाची मूळची ७० एएचची (एएच म्हणजे अँपिअर-तास) लेड-अ‍ॅसिड, आणि घरची १०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट. छताला अडीच वॅटचे आठ एलईडी दिवे, फळीखाली एक पट्टी, शिवाय पंखा, पाण्याचा पंप आणि छोटा फ्रीज. हे सगळं घरच्या बॅटरीवर. छतावर सोलर पॅनल आहे, तेही घरच्याच बॅटरीला जोडलेलं.

प्रॉब्लेम असा. एका जागी दोन रात्री मुक्काम केला की तिसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ मारल्यावर नुसतं कट-कट-कट. इंजिन ढिम्म. आणि त्याच वेळी घरची बॅटरी ७० टक्क्यांवर मजेत! मेकॅनिक म्हणाला बॅटरी गेली, म्हणून नवी टाकली. महिन्याभरात पुन्हा तोच तमाशा.

आता मोठी बॅटरी घ्यावी, मेन स्विच बसवावा की आणखी काही? जाणकारांनी प्रकाश पाडावा (कमी अँपिअरमध्ये जमलं तर उत्तमच).

फ्यूजउडव्या

आमच्याकडेही असंच व्हायचं. मी सरळ ९५ एएचची टाकली. दोनऐवजी तीन रात्री निघतात.

तारतम्य

फ्यूजउडव्या, टाकी गळतेय म्हणून मोठी टाकी बसवल्यासारखं झालं हे. :)

बिऱ्हाडदादा, अजून काही विकत घेऊ नका. आधी दोन गोष्टी सांगा. दोन्ही बॅटऱ्या एकमेकींना कशा जोडल्या आहेत, साध्या रिलेने (आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) की डीसी-डीसी चार्जरने (एका बॅटरीकडून करंट घेऊन दुसरी भरणारा)? आणि मुक्कामात सरकता दरवाजा किती वेळ उघडा असतो?

रिलेबद्दल विचारतोय त्याला कारण आहे. व्होल्टेज बघून जोडणारा साधा रिले साधारण १३.३ व्होल्टला दोन्ही बॅटऱ्या जोडतो आणि १२.८ च्या आसपास तोडतो. लेड-अ‍ॅसिडसाठी हे ठीक. पण लिथियम बॅटरी नुसती पडून असतानाही १३.२-१३.३ दाखवते, त्यामुळे रिलेला वाटतं इंजिन अजून चालूच आहे आणि तो सुटतच नाही.

विंचवाचं बिऱ्हाड

डीसी-डीसी चार्जर आहे, इंजिन बंद झाल्यावर तोही बंद होतो. तपासलंय.

दरवाजा म्हणाल तर झोपेपर्यंत उघडाच. सकाळी उठलो की पुन्हा उघडा. दिवसाचे सात-आठ तास सहज. गाडीचे मूळचे आतले दिवे दरवाजा उघडल्यावर लागतात खरे, पण दहा मिनिटांत आपोआप विझतात. म्हणून त्यांच्यावर कधी संशयच घेतला नाही.

अंधारयात्री

मी त्या मूळ दिव्यांचे बल्बच काढून टाकलेत. रात्री बाहेर जायला दरवाजा सरकवला की अख्खी गाडी लखलखायची आणि आतून शिव्या ऐकू यायच्या. बल्ब काढले, घरात शांतता.

तारतम्य

घरात शांतता आली, बॅटरीला मात्र फारसा दिलासा मिळालेला नसणार. मूळ मुद्दा इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जुन्या गाड्यांत दरवाज्याच्या चौकटीत एक दाबाचं बटण असायचं. दरवाजा उघडला की दिवा, लावला की अंधार. तिथे १० वॅटचा बल्ब रात्रभर राहिला तर ०.८ अँपिअरच्या हिशोबाने दहा तासांत आठ एएच जायचे. हिशोब सोपा, आणि बल्ब काढला की प्रश्न मिटला.

नव्या गाड्यांत दरवाज्याची खबर बॉडी कंट्रोल मॉड्यूलकडे, म्हणजे दिवे-लॉक सांभाळणाऱ्या छोट्या संगणकाकडे जाते. दरवाजा उघडला की ते जागं होतं आणि आपल्याबरोबर इतरांनाही उठवतं, म्हणजे डॅशबोर्ड, सेंट्रल लॉक, रेडिओ वगैरे. दहा मिनिटांनी दिवा विझतो तो टायमरमुळे. दिवा विझला म्हणजे गाडी झोपली असं नाही. बऱ्याच व्हॅनमध्ये दरवाजा उघडा असेपर्यंत ही मंडळी जागीच राहतात आणि त्यांचं खाणं दिव्यापेक्षा जास्त असतं. कॅम्परमध्ये आपण दरवाजा तासन् तास उघडा टाकतो. माल उतरवायच्या गाडीचं डिझाइन करणाऱ्याने असल्या माणसांचा विचार कशाला केला असेल?

हे खरं की खोटं ते मीटर सांगेल. असं करा :

पुढचं बॉनेट उघडा आणि सरकता दरवाजाही उघडा. आता दरवाज्याच्या कडेला जे लॅच असतं, चौकटीतल्या खुंटीला पकडणारं, ते स्क्रूड्रायव्हरने हळूच बंद स्थितीत ढकला. टक, टक असे दोन आवाज येतात. दुसऱ्या आवाजानंतर गाडीला वाटतं दरवाजा लागला. बॉनेटलाही स्विच असेल तर त्याच्या लॅचचंही असंच करा. किल्ली काढून लांब ठेवा, बिनकिल्लीची गाडी असेल तर रिमोट चांगला दहा-पंधरा पावलं दूर.

मग मल्टिमीटर १० अँपिअरच्या भोकात लावून बॅटरीची निगेटिव्ह क्लॅम्प आणि निगेटिव्ह टर्मिनल यांच्या मध्ये जोडा. मीटर जोडलेला असताना चुकूनही किल्ली फिरवू नका. स्टार्टर शेकडो अँपिअर ओढतो, मीटरचा फ्यूज क्षणात जाईल. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर मिळाला तर ही भीतीच नाही, काही सोडवावंही लागत नाही.

अर्धा-पाऊण तास थांबा. मॉड्यूल एकेक करून झोपतात, आकडा पायऱ्या उतरल्यासारखा खाली येतो. शेवटी ५० मिलिअँपिअरच्या आत आला तर गाडी निरोगी. मग लॅच हँडलने सोडवा आणि दरवाजा उघडा असताना आकडा किती राहतो ते बघा, दिवे विझल्यानंतरचा खास करून.

गाडी झोपलेली असतानाही जास्त करंट दिसला तर फ्यूज उपटत बसू नका. फ्यूज काढून परत घातला की मॉड्यूल पुन्हा जागी होतात आणि तुमचा पाऊण तास वाया. त्यापेक्षा मीटर मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक फ्यूजच्या पाठीवरच्या दोन टोकांना टेकवा. जिथे शून्याऐवजी काहीतरी दिसेल तिथून करंट वाहतोय.

मंद प्रकाश

तारतम्य यांचा प्रतिसाद प्रिंट काढून गाडीत ठेवण्यासारखा.

मी घरच्या बॅटरीबद्दल थोडं लिहिते, कारण या विषयात सगळे दिव्यांच्याच मागे लागतात. आठ दिवे गुणिले अडीच वॅट म्हणजे २० वॅट, साधारण १.६ अँपिअर. संध्याकाळी पाच तास सगळे लावले तरी आठ एएच. १०० एएचच्या बॅटरीला हे किरकोळ. आमच्याकडे खरा चोर इन्व्हर्टर निघाला. त्यावर काहीही लावलेलं नसताना नुसता चालू ठेवला तर ०.८ अँपिअर. चोवीस तासांत १९ एएच, म्हणजे दिव्यांच्या दुपटीहून जास्त! त्याचं बटण कोपऱ्यात, कपाटाच्या मागे होतं, म्हणून कोणी बंदच करायचं नाही. आता दाराशी रिमोट स्विच आणलाय.

दिव्यांची वायरिंग करताना दोन-तीन भाग वेगळे केले तर खूप सोय होते. झोपायची जागा, ओट्याची जागा, पायरी. एका बटणावर आठही दिवे असतील तर पुस्तक वाचायलासुद्धा आठ लागतात. रंग उबदार घ्या, २७०० केल्विनच्या आसपासचा. पायरीला एक लाल दिवा ठेवला तर रात्री डोळे दिपत नाहीत.

आणि स्वस्त एलईडी पट्टी थेट बॅटरीवर नको. तिच्यावर १२ व्होल्ट लिहिलेलं असतं, पण चार्जिंगच्या वेळी लाइन १४.४ पर्यंत जाते. पट्टी जास्त करंट ओढते, तापते आणि काही महिन्यांत तिचे तुकडे-तुकडे विझायला लागतात. मध्ये १२ व्होल्टचा रेग्युलेटर टाका, किंवा १० ते ३० व्होल्ट चालणारे दिवे घ्या.

अवांतर : लिथियमची शिल्लक व्होल्टेजवरून ओळखायला जाऊ नका. ९० टक्के आणि ४० टक्के यांत फरक जेमतेम दशांश-दोन दशांश व्होल्टचा. शंट (आत-बाहेर जाणारा करंट मोजायची पट्टी) लावलेला मॉनिटर हवाच. दादांचे ७० टक्के शंटचे आहेत की अंदाजाचे?

विंचवाचं बिऱ्हाड

शंटचे आहेत ताई. :) शनिवारी मीटर लावतो.

फ्यूजउडव्या

मेन स्विच लावून टाका ना बॅटरीला. मुक्कामाला पोचलो की खटका बंद. एवढं पुराण कशाला?

तारतम्य

चालेल, पण रोज नको. सेंट्रल लॉक आणि अलार्म बंद, घड्याळ शून्यावर, काही रेडिओ कोड मागतात, काचांचं वन-टच पुन्हा शिकवावं लागतं. गाडी दोन महिने उभी राहणार असेल तर मेन स्विच उत्तम.

विंचवाचं बिऱ्हाड

मंडळी, निकाल हाती आले.

झोपलेली गाडी : ०.०४ अँपिअर. म्हणजे गळती अशी कुठे नाही.
दरवाजा उघडा, दिवे चालू : ४.१ अँपिअर.
दिवे विझल्यावर : २.६ अँपिअर!! पुढचा दीड तास आकडा तसूभर हलला नाही. मी मीटरसमोर मांडी घालून बसलो होतो.

दिवसाला आठ तास, दोन दिवस, गुणिले २.६. चाळीसच्या वर एएच. ७० च्या बॅटरीत राहिलं काय? त्यातून ती आधी पूर्ण भरलेली असेलच असंही नाही. शेवटी व्होल्टेज बघितलं तेव्हा बसलेल्या बॅटरीवर ११.९ होतं. नव्या बॅटरीचेही हाल मीच केलेत म्हणायचे.

कबुलीजबाब : पायरीवरची पट्टी मी गाडीच्या मूळ छतदिव्याच्या वायरीतून ओढली होती, 'दरवाजा उघडला की आपोआप लागेल' या हुशारीपोटी. घरचं सगळं घरच्या बॅटरीवर असं वर छातीठोकपणे लिहिलं, ते मागे घेतो.

मग लॅच दाबून बघितलं. टक, टक. वीस मिनिटांत आकडा ०.०४ वर. दरवाजा सताड उघडा आणि गाडी गाढ झोपेत.

पण एक गोची झाली. बायकोने मागून येऊन दरवाजा जोरात सरकवला आणि बंद लॅच खुंटीवर आपटलं. सुदैवाने फक्त रंग उडाला. रोज हे कसं सांभाळायचं?

अंधारयात्री

हँडलला एक लाल फीत बांधून ठेवा. लॅच दाबलं की फीत लावायची, सोडवलं की काढायची. मी बॉनेटसाठी हेच करतो, कारण माझा स्वतःवर विश्वास नाही. (बल्ब परत बसवतोय. शिव्यांची तयारी ठेवून.)

तारतम्य

बिऱ्हाडदादा, २.६ हा आकडा बघून बरं वाटलं, म्हणजे तुमच्या दृष्टीने वाईट पण निदान चोर सापडला. लॅच हँडल ओढून सोडवल्याशिवाय दरवाज्याला हात लावायचा नाही हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. दरवाज्याच्या स्विचची वायर कापून खटका लावायचा सल्ला काहीजण देतील. त्या फंदात पडू नका, सेंट्रल लॉक आणि 'दरवाजा उघडा आहे' ही सूचना त्याच वायरीवर असते. चालत्या गाडीत ती सूचना लागते.

विकत घ्यायचंच असेल तर एकच वस्तू सुचवीन. घरची बॅटरी भरली की उरलेल्या सोलरमधून इंजिनाच्या बॅटरीला थोडा करंट सोडणारा छोटा चार्जर. काही सोलर कंट्रोलरमध्ये दुसऱ्या बॅटरीसाठी असं टोक आधीच असतं, तुमच्याकडे आहे का बघा. एक अँपिअर मिळाला तरी दिवसाकाठी पाच-सहा एएच परत. उघड्या दरवाज्याच्या २.६ ला तो पुरणार नाही, लॅच दाबावंच लागेल. आणि एकदा ही बॅटरी बाहेरच्या चार्जरवर रात्रभर लावून पूर्ण भरा. अर्धवट भरलेली लेड-अ‍ॅसिड तशीच पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं, मग ती कधीच ७० ची राहत नाही. भरून चार्जर काढल्यावर काही तासांनी १२.७ च्या आसपास दिसलं तर वाचली.

पायरीची पट्टी घरच्या फ्यूजबॉक्सला हलवा. वायर जिथून निघते तिथेच फ्यूज, वायरीच्या जाडीला झेपेल एवढाच.

विंचवाचं बिऱ्हाड

कंट्रोलरच्या खाली दोन रिकामे स्क्रू आहेत, बाजूला दुसऱ्या बॅटरीचं चित्र. वर्षभर रोज बघतोय त्यांच्याकडे!

पट्टी आज हलवली. पायरीला आता साधं दाबाचं बटण आहे, हाताने लावायचं. बॅटरी रात्रभर चार्जरवर होती, चार तासांनंतर १२.६. फीत मिळेना म्हणून हँडलला बायकोने लाल मोजा बांधलाय.

मंद प्रकाश

एकच का? दुसरा इन्व्हर्टरच्या बटणाला बांधा.