अँटिबायोटिक देऊन झालंय

"धमन्यांत जंतू सापडतात, मग अँटिबायोटिकचा कोर्स का देत नाहीत?" हा हार्ट अटॅकबद्दलचा प्रश्न रास्त आहे, पण तो प्रयोग करून झालाय. १९८८ मध्ये फिनलंडच्या संशोधकांना हार्ट अटॅकच्या रुग्णांत क्लॅमिडिया न्यूमोनिए या जंतूविरुद्धच्या अँटिबॉडीज (म्हणजे तो अंगात येऊन गेल्याची खूण) जास्त आढळल्या आणि बरेच जण हुरळले. (हा न्यूमोनियावाला, गुप्तरोगाचा क्लॅमिडिया वेगळा.) पुढे अमेरिकेत ४,०१२ हृदयरुग्णांपैकी निम्म्यांना वर्षभर, आठवड्याला ६०० मिग्रॅ अ‍ॅझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं, बाकीच्यांना नुसती दिसायला तशी गोळी. २००५ मध्ये निकाल आला: सुमारे चार वर्षं लक्ष ठेवूनही फायदा काही नाही.

म्हणून संसर्गाचा संबंधच नाही असंही नव्हे. धमनीत चरबीचा थर साचणं वेगळं, साचलेला थर फुटून गुठळी होणं वेगळं; संसर्गाचा हात या दुसऱ्यात असू शकतो. कॅनडातल्या २०१८ च्या अभ्यासात फ्लूचं निदान झाल्यावर पहिल्या सात दिवसांत अटॅकचं प्रमाण सहापट दिसलं. आमच्या मामांचं असंच झालं. तीन दिवस ताप-खोकला, चौथ्या पहाटे छातीत दुखायला लागलं, तर "खोकून खोकून बरगड्या भरल्यात" म्हणत बाम चोळून पडून राहिले. आता फ्लूची लस दरवर्षी न चुकता घेतात. कोलेस्टेरॉलची गोळी मात्र मामींनी हातावर ठेवली तरच!