मदत हवी आहे: ओल्या चुन्यावरचं चित्र तडकतंय

नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्यात मुलांना घरीच शिकवतो. यंदा बायबलच्या पाठांसोबत कलेचा इतिहासही हाताने करून शिकायचं ठरवलंय. इटालियन चित्रकार जोत्तोने पादुआ शहरातल्या एका चॅपेलमध्ये (छोट्या प्रार्थनागृहात) १३०५ च्या सुमारास येशूचं चरित्र ओल्या गिलाव्यावर रंगवलं, म्हणून आम्हीही जुन्या कौलावर चुना-वाळू थापली. धाकटीने मेंढरू काढलं; सकाळी बघतो तर त्याच्या पोटातूनच भेग! रंगही बोटाला लागतोय. चुना पिशवीतला, घराला फासायचा होता. तिथेच चुकलं का? किती दिवस भिजवायचा? वाळू किती? अंड्याच्या बलकातले रंग मात्र झकास जमले (वास सोडा). इथल्या तांबेकर वाड्यातली जुनी भित्तिचित्रं दाखवायला नेण्याआधी एक तरी कौल धड व्हावं. कुणी केलंय का?