मदत हवी आहे: पायथॉनमध्ये एकच फंक्शन इम्पोर्ट केलं तरी अख्खी फाईल का चालते??

रात्रपाळी: दोन तास झाले यातच अडकलोय. हिशोब फाईलमधून फक्त व्याज हे फंक्शन हवंय, फ्रॉम हिशोब इम्पोर्ट व्याज एवढंच लिहिलंय, तरी रन केलं की "मुद्दल टाका" विचारत बसतं. सकाळी सबमिशन आहे, लवकर सांगा प्लीज.

मोरपीस: हिशोबमध्ये फंक्शनच्या बाहेर काय काय लिहिलंय?

रात्रपाळी: काही नाही, एक इनपुट आणि एक प्रिंट, टेस्टिंगच्या ओळी.

मोरपीस: मग त्याच चालतायत. फ्रॉम लिहिलं म्हणून पायथॉन तेवढाच तुकडा उचलत नाही, आधी फाईल वरपासून खालपर्यंत चालवतो आणि मग त्यातलं व्याज हे नाव तुम्हाला देतो. डेफ हीसुद्धा चालणारीच ओळ आहे, ती चालली की फंक्शन तयार होतं. त्या दोन ओळी 'इफ डंडर नेम इक्वल्स डंडर मेन'च्या आत घाला (डंडर म्हणजे शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर). फाईल थेट चालवली तरच ती अट खरी ठरते, इम्पोर्ट केली की नेममध्ये फाईलचं नाव येतं.

जुनाखेळाडू: सीमध्ये ही भानगडच नाही, फंक्शनबाहेर नुसती डिक्लेरेशन आणि डेफिनिशन. आधी सी शिका.

घाटमाथा: सीचं कुणी विचारलंय? आणि सी शार्प या वेगळ्या भाषेने २०२० मध्ये व्हर्जन ९ ला टॉप लेव्हल स्टेटमेंट, म्हणजे फंक्शनबाहेर थेट चालणाऱ्या ओळी, आणलीच की. रात्रपाळी, सगळी फंक्शन वर न्या, मिटलं.

मोरपीस: वर नेऊन इनपुट थांबणार आहे का? एका फंक्शनमधून खालच्या फंक्शनला कॉल केला तरी चालतं, नाव कॉल होताना शोधतात. टॉप लेव्हलला कॉल आधी आणि डेफ नंतर असेल तरच नेमएरर, म्हणजे 'हे नाव माहीत नाही' ही एरर.

घाटमाथा: जावास्क्रिप्टमध्ये तेही चालतं, होइस्टिंग, म्हणजे खाली लिहिलेलं फंक्शनही आधीच तयार असतं.

मोरपीस: तिथे चालतं, इथे नाही.

रात्रपाळी: इनपुट थांबलं!! पण आता व्याजला कॉल केला की नेमएरर, 'दर' डिफाइन नाही म्हणे

मोरपीस: दर कुठे लिहिलाय?

रात्रपाळी: इनपुटच्या वरच होता, सांगायचा राहिला, तोपण इफच्या आत टाकला.

मोरपीस: तो बाहेर काढा. इम्पोर्ट करताना इफच्या आतलं चालत नाही, म्हणजे दर हे नाव तयारच होत नाही.

रात्रपाळी: चाललं!!! खूप आभार 🙏

नवखा२१: नोटबुकमध्ये (ज्युपिटरसारख्या) असाल तर कर्नल, म्हणजे मागे चालू असलेला पायथॉन, रिस्टार्ट करा, एकदा इम्पोर्ट झालेली फाईल परत इम्पोर्ट केली तरी पुन्हा चालत नाही, मी यात अख्खा दिवस घालवलाय.