वेळास सहल (कोकण किनाऱ्यावर कासवांची पिल्लं बघायला): सोसायटी ग्रुप

देशपांडे वहिनी (ए-302): वेळाससाठी पाण्याचे 6 बॉक्स कोणी मागवले? बाटल्या न्यायच्या नाहीत हे मीटिंगमध्ये ठरलं होतं. 72 रिकाम्या बाटल्या परत कोण आणणार? मागच्या वेळी पोती कोणी उचलली ते सगळ्यांना माहीत आहे.

जोशी (बी-104): वहिनी, मार्च आहे, लहान मुलं आहेत 🙏

नीलेश (ए-501): जाताना माणशी 2 लिटर पुरे. 34 जणांचे 68, म्हणजे 20 लिटरचे 4 जार आणि ज्याची त्याची स्टीलची बाटली. जार शेवटच्या सीटमागे उभेच ठेवायचे, दोरीने बांधून. ताम्हिणीच्या वळणावर आडवा पडला की झाकण सुटतं आणि बॅगा भिजतात. होमस्टेला आदल्या दिवशी कळवलं की पाणी उकळून गार करून ठेवतात.

खरे काका (सी-201): कासवं दिसण्याची गॅरंटी आहे का? नसेल तर पैसे परत मिळणार का?

जोशी: मुळात एसटी कशाला? आपापल्या एसी गाड्या काढू, 8 पुरतील.

नीलेश: प्रासंगिक करारावरची बस लिटरला 4 किमी धरली तरी किलोमीटरला पाव लिटर डिझेल. 8 गाड्या प्रत्येकी 15 च्या ॲव्हरेजने अर्ध्या लिटरच्या वर जातात. वर एसी.

जोशी: वा, हिशेब चोख! मेंटेनन्सचाही असाच ठेवला असता तर...

सेक्रेटरी: ऑडिट रिपोर्ट नोटीस बोर्डवर लावलाय. इथे फक्त सहलीचं बोला.

खरे काका: गॅरंटी आहे का? नसेल तर पैसे परत मिळणार का?

डॉ. मीनल (सी-602): काका, गॅरंटी कोणीच देत नाही. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची अंडी फुटायला 45 ते 60 दिवस लागतात, वाळू थंड असली की उशीर होतो. कोल्हे-कुत्री घरटी उकरतात, म्हणून अंडी कुंपणात आणून तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरतात आणि वर टोपली घालतात. सकाळी 7 आणि संध्याकाळी 6 च्या सुमारास टोपली उचलून बघतात, पिल्लं आली असतील तर सोडतात. शनिवारी चारपर्यंत पोचलो तर आपल्याला शनिवार संध्याकाळ आणि रविवार सकाळ, अशा दोन संधी. त्यामुळे इथून सकाळी 7 ला निघून चालणार नाही, 5 ला बस हलली पाहिजे.

जोशी: 5 ला?? 😱

डॉ. मीनल: आणि पिल्लं सोडताना किनाऱ्यावर बांधलेल्या दोरीच्या पुढे कोणी जायचं नाही. पावलाच्या खड्ड्यात पिल्लू उलटं पडून अडकतं. फ्लॅश बंद. ती उजेडाकडे जातात, समुद्र सोडून आपल्याकडेच वळतील.

समीर (बी-303): रात्री बीचवर स्पीकर लावून अंताक्षरी तरी ठेवू 🎤

डॉ. मीनल: अजिबात नाही. अंडी घालायला आलेली मादी उजेड किंवा हालचाल दिसली की तशीच पाण्यात परत जाते. अंताक्षरी अंगणात, दहापर्यंत. गाव झोपतं हो.

समीर: वाळू तापली की माद्या जास्त निपजतात म्हणे. म्हणजे बी विंगवर पश्चिमेचं ऊन येतं, म्हणूनच इथे बायकांचं राज्य 😂

देशपांडे वहिनी: विनोद पुरे. बॉक्स परत करताय ना? चिप्सची पाकिटं आणि डायपर परत आणायचेत, ड्रायव्हरमागे दोन पोती बांधते.

जोशी: बघतो. दुकानदार घेतो का ते विचारतो.

खरे काका: मग पैशांचं काय?

सेक्रेटरी: काका, होमस्टेची अनामत परत मिळत नाही. जेवणाचा आकडा गुरुवारपर्यंत कळवायचाय, मोदक ऐनवेळी वाढवता येत नाहीत. येणाऱ्यांनी नाव आणि मोदकांची संख्या टाका.

समीर: बी-303, दोघं, 12 मोदक. पुढची सीट आमची, हिला घाटात गाडी लागते.

जोशी: आमच्याकडेही लागते. पुढची सीट आधी मीच सांगितली होती.