रोझा वन फॉन्ट सोनेरी फॉइलमध्ये तुटतोय – स्ट्रोक द्यावा का?

पत्रिका_५x७
लग्नपत्रिकेचं काम आहे. ५ × ७ इंच, मरून रंगाचा किंचित खरखरीत कागद. वर-वधूंची नावं (श्रद्धा, ऋषिकेश) रोझा वनमध्ये ३६ पॉइंट, सोनेरी हॉट फॉइल (तापलेल्या ब्लॉकने दाबून कागदावर चिकटवलेला सोनेरी थर). मुहूर्त, स्थळ, निमंत्रक त्याच फॉन्टात १० पॉइंट. नमुन्यात 'श्र'ची बारीक रेघ मध्येच तुटली आहे, 'द्धा'तली पोकळी भरून गेली आहे आणि खालचा मजकूर डागांसारखा दिसतो. फॉन्टला एकच वजन (जाडी) आहे. अक्षरांच्या कडेवरून ०.५ पॉइंटची रेघ, म्हणजे स्ट्रोक, देऊन भागेल का?

जुळारी
स्ट्रोकच्या आधी रेघ मोजा. अक्षर १००० पॉइंटला टाका, आउटलाइन करा (मजकुराचं आकारात रूपांतर) आणि सर्वांत बारीक जागा मोजा. जितके पॉइंट भरतील, रेघ फॉन्टच्या आकाराच्या तितके हजारावे भाग. समजा १२ भरले, तर ३६ पॉइंटला रेघ ३६ × १२ ÷ १००० = ०.४३ पॉइंट, म्हणजे ०.१५ मिमी. हॉट फॉइलला गुळगुळीत कागदावर साधारण ०.५ पॉइंट तरी लागतो. खरखरीत कागदावर ०.७५ धरा, कारण फॉइल उंचवट्यांवर चिकटतं आणि खळगे सोडून देतं. १० पॉइंटला तीच रेघ ०.१२ होते, तिथे कुठलाच प्रेसवाला काही करू शकणार नाही.

'द्धा' भरण्याचं मूळही बहुधा हेच. बारीक रेघ उठावी म्हणून उष्णता आणि दाब वाढवला की फॉइल शेजारच्या पोकळीवर पसरतं.

माझ्या मते नावं ६४ पॉइंटवर न्या, दोन ओळींत. रेघ ०.७७ पॉइंट होते. दोन्ही बाजूंना अर्धा इंच सोडला तरी २८८ पॉइंट रुंदी उरते, 'ऋषिकेश' आरामात बसेल. हा घाटच मोठ्या आकाराचा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस बोदोनी आणि दिदो या टाइपकारांनी जाड-बारीक फरक टोकाला नेला, तो गुळगुळीत कागदाच्या जोरावर. पुढे एकोणिसाव्या शतकात लंडनच्या टाइप ओतणाऱ्यांनी जाहिरातींसाठी त्याचे खांब, म्हणजे जाड उभ्या रेघा, आणखी फुगवले. रोझा वन त्याच घराण्यातला.

बारीक_रेघ
जुळारींशी सहमत. ०.५ स्ट्रोकचा हिशेब करून बघा. खांब ७ पॉइंटचा धरला तर आत्ता जाड-बारीक फरक सोळापट आहे. स्ट्रोक कडेच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा बसतो, म्हणून खांब ७.५ आणि रेघ ०.९३ होते. फरक थेट आठपट. मग हा फॉन्ट घेतलाच कशाला? शिवाय प्रत्येक पोकळी ०.५ पॉइंटने आक्रसते, आणि तुमची 'द्धा' आधीच भरतेय.

अगदीच नाइलाज असेल तर ०.२, कोपरे गोल ठेवून. टोकदार ठेवलेत तर जोडाक्षरांच्या सांध्यांत काटे येतात. क्रम असा: आउटलाइन, स्ट्रोक एक्स्पांड (स्ट्रोकचाही आकार करणं), मग युनाइट (सगळे आकार एकजीव करणं). शेवटची पायरी स्ट्रोक न देताही करायचीच. देवनागरीत शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेघा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात. त्या एकजीव केल्या नाहीत तर ब्लॉकची फाइल बनवताना काही सॉफ्टवेअर तो चढलेला भाग पोकळ धरतं, आणि शिरोरेघेत प्रत्येक अक्षरापाशी खाच दिसते.

शिरोरेघ
खालच्या मजकुराला वेगळा फॉन्ट घ्या. 'एक टाइप' या संस्थेचा मुक्ता किंवा टिरो देवनागरी मराठी, ११ पॉइंट, ओळींतलं अंतर १६. टिरोचा तोल नावांच्या दिमाखाला जास्त शोभतो, पण त्यालाही बारीक जागा आहेत, त्यामुळे तोही मोजूनच घ्या. फॉइलमध्ये धोका वाटला तर हा भाग सोनेरी शाईत स्क्रीन प्रिंटला द्या. मरून कागदावर साधी ऑफसेट शाई दिसणारच नाही.

इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर आणि भाषा मराठी निवडा, नाहीतर जोडाक्षरं सुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. भाषा निवडूनही 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे आले का ते ग्लिफ पॅनेलमध्ये (फॉन्टातल्या सगळ्या आकारांच्या यादीत) पाहा, प्रत्येक फॉन्टात ते असतीलच असं नाही. ट्रॅकिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) शून्य. इंग्रजी मासिकांची मुखपृष्ठं पाहून अक्षरं लांब-लांब ठेवायचा मोह होतो, पण आपल्याकडे त्याने शिरोरेघ तुटते.

पत्रिका_५x७
६४ पॉइंटवर नावं छान बसली, स्ट्रोक काढला. मुक्ता घेतोय. याच पत्रिकेची व्हॉट्सअॅपसाठी प्रतही हवी आहे. तिथे काय सांभाळू?

बारीक_रेघ
१०८० × १५१२ पिक्सेलचं चित्र धरा. रेघ किमान २ पिक्सेल हवी, म्हणजे १२ हजारांशाच्या हिशेबाने नावं १७० पिक्सेलच्या आसपास. फोटो म्हणून पाठवलंत तर ते दाबलं जातं. दाबताना रंगाची माहिती उजेडापेक्षा कमी बारकाईने साठवली जाते, त्यामुळे मरूनवरच्या सोनेरी रेघेभोवती मळकट कडा येते. डॉक्युमेंट म्हणून पीडीएफ पाठवा. आणि सोनेरी ग्रेडियंट (गडद-फिकट छटांचं मिश्रण) टाळा. खांबावर तो चमकतो, पण गडद पट्टा बारीक रेघेवर आला की रेघ मरूनमध्ये बुडते. एकच सपाट, फिकट सोनेरी ठेवा.