पाळकांचा अधिष्ठापन विधी : उपासना की सत्कार समारंभ?

मागचा बाक (धागाकर्ता)
परवा आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नवे पाळकसाहेब आले आणि त्यांना पदावर बसवण्याचा, म्हणजे अधिष्ठापनाचा विधी झाला. नेमणुकीचं पत्रवाचन, वचनं देणं, बिशपसाहेबांची प्रार्थना, चर्चच्या किल्ल्या हातात देणं, सगळं वीस मिनिटांत आटोपलं. मग दीड तास सत्कार! हार, शाली, वर तीन सोलापुरी चादरी. प्लास्टिकच्या पिशवीसकट प्रभुभोजनाच्या मेजाला टेकवून ठेवलेल्या. 'आम्ही यांना साथ देऊ' हे वचन मंडळीनं उभं राहून द्यायचं, तर सूत्रसंचालकानं 'होय म्हणा' म्हणून पुढचं नाव पुकारलं. सत्कार बंदच करा.

चाटी गल्ली
चादरीनं काय घोडं मारलंय? आमच्या आईनं कारखान्यात कांड्या भरण्यात जन्म काढला. तिच्या लेखी मान म्हणजे चादर. इंग्लंडातही नव्या पाळकाचा हात चर्चच्या दाराच्या किल्लीवर ठेवतात, तो घंटा वाजवतो आणि लोक गमतीनं टोल मोजतात : जितके टोल, तितकी वर्षं टिकणार. हौस सगळीकडेच असते की.

निवृत्त डिकन
दोघांनाही सांगतो. पाळकपदाची दीक्षा आयुष्यात एकदाच, डोक्यावर हात ठेवून. अधिष्ठापन मात्र दर बदलीला. इथलं जुनं काम अमेरिकन मराठी मिशनचं, म्हणजे काँग्रिगेशनल वळणाचं. त्या पद्धतीत पाळक कोण, हे मंडळीच ठरवायची. विधीत एक उपदेश पाळकाला आणि दुसरा मंडळीला! शेजारच्या मंडळीचा पाळक येऊन सहभागितेचा उजवा हात द्यायचा, म्हणजे स्वागताचं हस्तांदोलन करायचा. पुढे २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चसंस्था मिळून 'उत्तर भारतीय मंडळी' ही एक चर्चसंस्था झाली, बिशप आले. आता नेमणूक धर्मप्रांतातून, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या विभागातून येते. आपल्या तोंडी उरलं ते एवढं एक वचन, आणि तेच तुमच्या सूत्रसंचालकानं खाल्लं. चादरींवर कशाला राग काढता?

कॅथलिक शेजारी
आमच्यात तर नुसत्या नेमणुकीच्या पत्रानं भागत नाही. पदाचा ताबा रीतसर घेतला की मगच फादर धर्मग्रामाचे, म्हणजे स्थानिक चर्चचे प्रमुख, असा चर्चचा कायदाच आहे. त्यामुळे विधीला कुणी उपचार म्हणत नाही. हार मात्र आमच्याकडेही घालतात, हे कबूल.

मागचा बाक
डिकनसाहेब, मान्य. 'बंद करा' मागे घेतो. पण मंडळीला उपदेश परत आणा, आणि चादरी जेवणाच्या वेळी द्या.

चाटी गल्ली
जेवणाच्या वेळी? हातात ताट असताना फोटो कोण काढणार, सांगा की!